विश्लेषण : खलनायकांना प्रेमकथा, फिनला दुय्यम भूमिका? चाहत्यांच्या समलिंगी कथांवर वर्णभेदाचा आरोप का?

‘स्टार वॉर्स : द फोर्स अवेकन्स’ डिसेंबर २०१५ मध्ये प्रदर्शित झाला आणि जगभरच्या चाहत्यांनी त्यातील पात्रांना घेऊन स्वत:च्या कथा लिहायला सुरुवात केली. त्यात दोन पुरुषांच्या प्रेमकथा पुष्कळ होत्या. मात्र त्या कथांत फिन या कृष्णवर्णीय नायकाच्या वाट्याला काय आले, यावरून सुरू झालेला वाद आजही मिटलेला नाही.

‘स्लॅश’ म्हणजे काय?

गाजलेल्या चित्रपट-मालिकांतील पात्रे घेऊन चाहते जे लिहितात, ते फॅनफिक्शन. त्यातील समलिंगी पुरुषांच्या कथांना ‘स्लॅश’ म्हणतात. ‘स्टार ट्रेक’मधील कर्क आणि स्पॉक यांच्या नावांमध्ये चाहते जी तिरपी रेघ काढत, तिच्यावरून हे नाव पडले. १९७० च्या दशकात अशा कथा हौशी अंकांतून हातोहात फिरत. आता त्यांचे मोठे घर म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संकेतस्थळ. त्याला २०१९ मध्ये ह्युगो पुरस्कारही मिळाला. पडद्याने नाकारलेले प्रेम आपण लिहितो, हा या लेखक-वाचकांचा अभिमान. त्यामुळेच वर्णभेदाचा आरोप त्यांच्या जिव्हारी लागतो.

फिनबाबत आक्षेप काय?

जॉन बोयेगाने साकारलेल्या फिनला लहानपणीच कुटुंबापासून तोडून सैनिक बनवलेले असते. निरपराध गावकऱ्यांवर गोळ्या झाडायला तो नकार देतो आणि पो या वैमानिकासोबत पळतो. त्याला ‘फिन’ हे नाव देतो पो, आपले जॅकेटही देतो. प्रेमकथेला आणखी काय हवे? ही जोडी लोकप्रिय झालीही. पण त्याच वेळी कायलो रेन आणि जनरल हक्स या दोन गौरवर्णीय खलनायकांवर हजारो प्रेमकथा लिहिल्या गेल्या. एक पित्याला ठार करणारा, दुसरा अख्खे ग्रह उडवण्याचा आदेश देणारा. हक्स पडद्यावर दिसतो मोजक्या प्रसंगांत आणि दोघांचे आपसात जराही पटत नाही. तरी चाहत्यांनी हक्सला दु:खी बालपण दिले, हळवेपणा दिला, एक मांजरही दिली! फिनचे दु:ख तर मूळ कथेतच होते, ते कल्पावेही लागत नव्हते.

प्रश्न केवळ संख्येचा नाही. प्रेमकथेत फिन येतो तेव्हाही अनेकदा तो एक तर भाबडा, सतत हसरा पोरगा असतो, नाहीतर धिप्पाड, आक्रमक शरीर. कृष्णवर्णीय पुरुष म्हणजे बेलगाम वासना, ही प्रतिमा अमेरिकेतील गुलामगिरीच्या काळापासूनची आहे. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने ती पडद्यावर रुजवली. तिसरा साचा सोशिक मित्राचा. ‘कॅप्टन अमेरिका’च्या कथांत सॅम विल्सन कित्येकदा स्टीव्ह आणि बकी यांच्या प्रेमाचा समुपदेशक एवढाच उरतो. सॅमलाही प्रेम हवे असेल, हे कुणाला सुचत नाही.

‘आवड ज्याची त्याची’ हे उत्तर पुरेसे आहे का?

कुणी कोणावर लिहावे याची सक्ती करता येत नाही, हे खरे. पण हजारोंची खासगी आवड पुन्हा पुन्हा एकाच रंगापाशी थांबते, तेव्हा ती निव्वळ खासगी राहत नाही. भारतीय अभ्यासक रुक्मिणी पांडे यांनी ‘स्क्वी फ्रॉम द मार्जिन्स’ या २०१८ च्या पुस्तकात हेच मांडले : वर्ण हा फॅन्डममध्ये अधूनमधून उद्भवणारा तंटा नसून त्याच्या रचनेचाच भाग आहे. हा विषय काढणारा मात्र रंगाचा बेरंग करणारा ठरतो.

काही चाहते स्टुडिओकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे. कृष्णवर्णीय पात्राची जाहिरात मोठी केली आणि मग त्याला बाजूला सारले, अशी तक्रार खुद्द बोयेगाने २०२० मध्ये जाहीरपणे केली. पण स्टुडिओने सोडून दिलेले आपण लिहू, हाच तर फॅनफिक्शनचा दावा आहे!

पुढे काय घडले?

२०२० मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषविरोधी आंदोलन पेटले, तेव्हा ‘आर्काइव्ह’ चालवणाऱ्या संस्थेने सुधारणांचे आश्वासन दिले. मे २०२३ मध्ये चाहत्यांनी तेच आश्वासन पाळा म्हणून त्याच संकेतस्थळावर निषेध मोहीम चालवली.