चोर्ला घाट : रस्ता एक, राज्ये तीन

अनगोळहून पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि खाली केरी-साखळी हा बेळगावकरांचा गोव्यात उतरण्याचा नित्याचा मार्ग. पावसाळ्यात हा रस्ताच सहलीचे ठिकाण बनतो. प्रवाशाला सलग दिसणारे हे अरण्य प्रशासनाच्या लेखी मात्र विभागलेले आहे. तीन राज्यांच्या सीमा चोर्ला परिसरात मिळतात. गोव्यात १९९९ मध्ये घोषित झालेले २०८ चौरस किलोमीटरचे म्हादई अभयारण्य आहे, तर कर्नाटकात २०११ मध्ये घोषित झालेले भीमगड.

जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीतील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर गोव्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली. अशा बंदीची सूचना सीमेपलीकडून निघणाऱ्याला वेळेत मिळाली नाही, तर बंद वाटेवरून परतलेली वाहने घाटाच्या वळणांवरच थांबतात. त्यात धोका प्रवाशाचा आणि कचरा अरण्याच्या वाट्याला.

उपाय खर्चिक नाही. प्रवेशाचे नियम आणि बंद वाटांची माहिती तिन्ही राज्यांच्या वनखात्यांनी एकत्रितपणे जांबोटी व केरी येथे फलकावर लावावी. थांबे घाटात नव्हे, गावांत असावेत. तसे झाले तरच वाहनांच्या वर्दळीतून स्थानिकांच्या हाती चार पैसे पडतील आणि अरण्यही राखले जाईल.