हमीपत्रातला हरवलेला कर्ता

घराघरांत पोचलेले आणि जवळपास कुणीच न वाचलेले गद्य कोणते, असे कुणी विचारले तर आम्ही मोबाईलच्या खोक्यातल्या हमीपत्राकडे बोट दाखवू. मराठीच्या अध्यापकांना हा विषय शोभत नाही, असे काहींना वाटेल. वाटो.

ग्राहकाची कर्तव्ये सांगताना या गद्यातला कर्ता ठसठशीत असतो. ग्राहकाने पावती जपावी, ग्राहकाने फोन इतरत्र उघडू नये, ग्राहकाने आपल्या माहितीची प्रत काढून ठेवावी. उत्पादकाची पाळी आली की वाक्य कर्मणीत शिरते: दोष आढळल्यास दुरुस्ती केली जाईल, आवश्यक वाटल्यास फोन बदलून दिला जाईल. कोणास आढळल्यास? कोणास वाटल्यास? उत्तर बारीक टाइपातल्या कलमात असते: कंपनीस. बदलून मिळणारा फोनही नवाच असेल असे नाही, तो ‘नव्यासारखा’ असू शकतो. उपमेय आणि उपमान एक नसतात, हे आम्ही वर्गात शिकवतो. ग्राहक ते काउंटरवर शिकतो.

आमच्या एका सहकारी बाईंचा फोन सहाव्या महिन्यात बंद पडला. सेवाकेंद्राने तो उघडून ओलावा दाखवणारा इवलासा कागद पुढे केला. कागद लाल झाला होता. सबब हमी रद्द. चिन्हमीमांसेचे चार धडे गिरवलेल्या कुणालाही यातली गफलत दिसावी. लाल कागद एवढेच सांगतो की तिथे कधीतरी पाणी लागले. ते केव्हा लागले, कसे लागले आणि बिघाड त्यामुळेच झाला काय, याविषयी तो मुका आहे. बाईंनी कारण लेखी मागितले. ते अद्याप मिळालेले नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की लोकही लबाड असतात, फोन बादलीत बुडवून भरपाई मागतात. असतील. मग तसा तांत्रिक अहवाल सहीनिशी द्यावा. तोंडी निकाल देणारे न्यायालय आम्हांस मान्य नाही.

याउलट कायद्याचे गद्य, रूक्ष असले तरी, बरेच सरळ आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा गुणवत्ता वा दर्जा यांतल्या कोणत्याही उणिवेस दोष म्हणतो. दोष दूर करावा, निर्दोष नवी वस्तू द्यावी वा किंमत परत करावी, असा आदेश आयोग देऊ शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्कही नाही. हमीपत्रातले ‘कंपनीचा निर्णय अंतिम’ हे वाक्य आयोगाला बांधून ठेवू शकत नाही.

हे ठाऊक नसलेले विद्यार्थी आमच्याच वर्गातून पदवीधर होतात, आणि आमचा खरा राग इथे आहे. २०२० साली वर्ग फोनवर गेले तेव्हा कितीएक घरांनी हप्त्यांवर फोन घेतले. व्यावहारिक मराठीच्या तासाला मात्र आपण अजून रजेचा अर्ज आणि सभेचे इतिवृत्त घोकून घेतो. पुढच्या सत्रात निदान एक स्वाध्याय बदलू या: प्रत्येकाने आपल्या फोनचे हमीपत्र मराठीत आणावे, आणि त्यातल्या प्रत्येक कर्मणी वाक्याला कर्ता पुरवावा.