ओझे उतरले, यंत्र कोणाचे?

वैशाखाचे ऊन तापू लागले की सोलापुरातील पारा चाळिशी ओलांडून त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत चढतो आणि विजापूर रस्त्याच्या अंगाला पसरलेल्या जुळे सोलापुरातील घराघरांतून एकाच विषयाची चर्चा सुरू होते: यंदा थंड हवेला कोठे जायचे? शिक्षक, बँक कर्मचारी, सरकारी नोकर आणि निवृत्तिवेतनधारक यांची येथे मोठी वस्ती. ज्यांचे आजोबा गिरणीच्या भोंग्यावर उठत होते अशी कितीतरी माणसे आज डिसेंबरात मनालीला बर्फ पाहावयास जातात, गुलमर्गच्या उतारावर भाड्याच्या स्की पायांना बांधून छायाचित्रे काढून घेतात आणि मे महिन्यात माथेरान किंवा महाबळेश्वर गाठतात. यात आक्षेप घेण्याजोगे काही नाही. विश्रांती हा श्रमिकाचा हक्क आहे. आठ तासांच्या दिवसासाठी आणि भरपगारी रजेसाठी कामगार चळवळीने जो लढा दिला, त्याचेच हे फळ आहे. प्रश्न एवढाच की, एकाची विश्रांती ज्याच्या श्रमांवर उभी राहते, त्याच्या पदरात त्या हंगामातून काय पडते?

हंगामावर जगणाऱ्या डोंगरगावांचे अर्थकारण सर्वत्र एकाच साच्याचे असते. हॉटेलमालकाजवळ भांडवल असते. एक हंगाम बुडाला तर तो पुढच्या हंगामाची वाट पाहू शकतो. घोडेवाला, हमाल, वाटाड्या यांच्याजवळ फक्त अंगमेहनत असते आणि ती साठवून ठेवता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार ऐन हंगामात बर्फावाचून कोरडे राहिले, तेव्हा पर्यटकांची सहल फसली, एवढेच सर्वत्र छापून आले. पर्यटकांना लाकडी घसरगाडीत बसवून ती बर्फावरून ओढणाऱ्यांची मात्र रोजीच फसली होती. त्याच गुलमर्गच्या रज्जुमार्गावर २५ जून २०१७ रोजी वादळी वाऱ्याने झाड कोसळले आणि सात जण मृत्युमुखी पडले. चौघे दिल्लीहून आलेल्या एका कुटुंबातील होते, तिघे स्थानिक होते. दरीत कोसळताना पाहुणा आणि चाकर असा भेद उरत नाही. भेद असतो तो अपघातानंतर घरात काय शिल्लक राहते याचा.

परंतु यासाठी काश्मीरपर्यंत जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या गाडीने कर्जतपर्यंत आणि तेथून नेरळला जाणाऱ्या सोलापूरकराला हाच प्रश्न माथेरानच्या पायथ्याशी भेटतो.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगर इंग्रज साहेबांच्या विश्रांतीसाठी शोधून काढला, असे इतिहास सांगतो. डोंगराच्या कुशीतील ठाकूर, कातकरी आणि धनगर यांना तो सापडण्याची गरज नव्हती. आरंभी पाहुणे नेरळहून घोड्यावर आणि पालखीत बसून वर येत. पुढे सर आदमजी पीरभाई यांच्या घराण्याने सुमारे १६ लाख रुपये खर्चून छोटी रेल्वे बांधली आणि १९०७ साली ती सुरू झाली. गावात मोटारीला बंदी राहिली. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि त्या बंदीला अधिक बळ मिळाले. ही बंदी योग्यच आहे. माथेरानची झाडी आणि तेथील शांतता तिच्यामुळेच टिकली. परंतु निसर्गरक्षणाचा खर्च कोणी सोसला, हा हिशेब कोणी मांडला नाही. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबत. तेथून बाजारपेठेपर्यंतच्या अडीच-तीन किलोमीटरच्या चढउतारावर माणूस आणि त्याचे सामान वाहून नेण्याचे काम घोड्याने केले, हमालाच्या डोक्याने केले आणि हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाने केले. एक जण पुढून ओढतो, एक-दोघे मागून रेटतात आणि आत प्रवासी बसलेला असतो, हे दृश्य स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षे उलटून गेल्यावरही महाराष्ट्रात दिसत होते. अशा रिक्षांचे ९४ परवाने होते.

येथील दुर्घटनांकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रेल्वेमार्ग वाहून गेला आणि गाडी पुन्हा धावावयास २००७ साल उजाडले. मे २०१६ मध्ये गाडीचे डबे दोनदा घसरल्यावर ती बंद करण्यात आली. २०१९ च्या पावसात मार्ग पुन्हा उद्ध्वस्त झाला आणि नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. गाडी बंद पडली की वर येणाऱ्यांचा सगळा भार दस्तुरीच्या वाटेवर पडे. २०२० आणि २०२१ चे दोन्ही उन्हाळे टाळेबंदीने खाल्ले. यांतल्या कोणत्याही वर्षी रिक्षा ओढणाऱ्याला बेकारभत्ता मिळाला नाही. चढावर गुडघा दुखावला किंवा उतारावर गाडी अंगावर आली, तर हंगाम गेला; आणि हंगाम गेला म्हणजे वर्ष गेले, कारण जूनपासून चार महिने कोसळणाऱ्या पावसात तुरळक प्रवाशांखेरीज वर कोणी फिरकत नाही.

आखूड हंगाम माणसामाणसांत वैरही निर्माण करतो. दस्तुरी नाक्यावर प्रवाशांची दिशाभूल होते, अवाच्या सव्वा पैसे उकळले जातात, अशी तक्रार करून मार्च २०२५ मध्ये गावातील व्यावसायिकांनी व नागरिकांनी माथेरान बंद पुकारला. तक्रार खोटी नव्हती. परंतु जो आठ महिन्यांत बारा महिन्यांची भाकरी मिळवू पाहतो, त्याच्या लबाडीचे मूळ केवळ त्याच्या स्वभावात शोधणे हे अपुरे निदान होय. परवानाधारक घोडे चारशेहून अधिक आणि प्रवासी मोजके, अशा स्थितीत घोडेवाला रिक्षावाल्याकडे आणि दोघेही विजेच्या रिक्षेकडे शत्रू म्हणून पाहू लागतात. श्रमिकांनी आपसांत भांडावे आणि हंगामाचा मोठा वाटा शांतपणे दुसऱ्याच्या गल्ल्यात जावा, हा जुनाच खेळ येथेही चालतो.

विजेच्या रिक्षेची मागणी हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच लावून धरली, ही गोष्ट विशेष नोंद घेण्यासारखी आहे. यंत्राला विरोध करणारा अडाणी कामगार, अशी जी प्रतिमा पांढरपेशा समाजात रूढ आहे, तिला या माणसांनी खोटे पाडले. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये सात रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. शाळेतील मुलांना आणि वृद्धांना तिचा मोठा आधार वाटला. जानेवारी २०२४ मध्ये या रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात, असे न्यायालयाने बजावले. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. खऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांची यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निश्चित करावी, गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर शासनाने विजेच्या रिक्षा विकत घेऊन त्यांना भाड्याने द्याव्यात, उरलेल्या रिक्षा आदिवासी स्त्रिया व इतर स्थानिकांना मिळाव्यात आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही न्यायालयाने म्हटले. या निकालाचे स्वागत कोणताही समाजवादी करील. परंतु स्वागत करून थांबणे पुरेसे नाही.

निकालात १९८० सालच्या एका निवाड्याचे स्मरण आहे. पंजाबात रिक्षाचा परवाना रिक्षा चालवणाऱ्या मालकालाच द्यावा, असा कायदा १९७५ मध्ये झाला होता. उद्देश चांगला होता, पण रिक्षा विकत घेण्याची ऐपत नसलेल्या हजारोंची त्याने रोजीच जाणार होती. अमृतसरच्या रिक्षावाल्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा रद्द केला नाही आणि रिक्षावाल्यांना वाऱ्यावरही सोडले नाही. बँकेचे कर्ज मिळवून चालकालाच मालक करण्याची योजना त्यांनी आखून दिली. १९८० चा निवाडा मालकीचा विचार करतो, २०२५ चा आदेश भाड्याचा. मधल्या पंचेचाळीस वर्षांत देशाचे अर्थकारण कोणत्या दिशेने सरकले, हे या एका फरकावरून ओळखता येते.

भाड्याच्या बाजूनेही काही म्हणता येते. विजेच्या रिक्षेची बॅटरी महाग असते आणि काही वर्षांत ती बदलावी लागते. दुरुस्तीचा खर्च एकट्या गरीब माणसाला पेलत नाही. मालकी देऊन कर्जात बुडविण्यापेक्षा शासनाने यंत्र आपल्याकडे ठेवणे बरे, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी फोल नाही. परंतु शासनाच्या मालकीचे यंत्र शासनाच्याच हाती राहते, असा अनुभव नाही. आज नगरपरिषद, उद्या ठेकेदार आणि परवा ठेकेदाराचा उपठेकेदार, या वाटेने सार्वजनिक मालमत्ता खासगी नफ्याकडे कशी सरकते, हे नगरपालिकांचे कारभार पाहिलेल्या कार्यकर्त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय भाडे बारा महिने आणि मिळकत आठ महिने, असे गणित मांडले तर दरवर्षी पावसाळ्यात थकबाकी साचेल आणि त्या थकबाकीचे कारण दाखवून ज्याने पाठीचा कणा झिजवला त्याच्याच हातून रिक्षा काढून घेतली जाईल. मग अमानुष प्रथा गेली आणि माणूसही गेला, असे म्हणावे लागेल.

कोलकात्याचा धडा याहून वेगळा, पण तितकाच बोलका आहे. तेथील डाव्या आघाडीच्या सरकारने २००५ मध्ये हातरिक्षा बंद करण्याची घोषणा केली आणि २००६ मध्ये त्यासाठी विधेयकही संमत केले. परंतु पर्यायी रोजगाराची खात्री देता आली नाही आणि त्या रिक्षा पुढेही रस्त्यावर दिसत राहिल्या. पुनर्वसनावाचून केलेली बंदी कागदावर राहते, नाही तर श्रमिकाच्या पोटावर येते.

सोलापूरकराला हे कोणी शिकवावे असे नाही. जुनी गिरणी १९६० च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू गिरण्या १९९० च्या दशकात. यंत्रावर आयुष्य घालवणाऱ्यांची यंत्रावर कसलीच मालकी नव्हती, म्हणून ते दाराबाहेर पडले. याच शहराने दुसरे उदाहरणही घालून दिले आहे. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी आणि इतर असंघटित कामगारांनी सहकारी संस्था उभारून कुंभारी येथे घरकुले मिळवली. रे नगरच्या तीस हजार घरांच्या योजनेतील पंधरा हजार घरांचे हस्तांतर जानेवारी २०२४ मध्ये झाले. चळवळीच्या मार्गांविषयी मतभेद असू शकतील. परंतु ज्याला कोणतीही पतपेढी दारात उभी करीत नाही, तो संघटित झाला तर घराचा मालक होऊ शकतो, ही गोष्ट आता वादातीत आहे. घराच्या बाबतीत जे शक्य झाले, ते तीन चाकांच्या रिक्षेच्या बाबतीत अशक्य का असावे?

यासाठी तीन मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, रिक्षा ओढणाऱ्यांची सहकारी संस्था व्हावी आणि शासनाला दिलेले प्रत्येक भाडे हे मालकीचा हप्ता म्हणून तिच्या नावे जमा धरावे. त्यातूनच बॅटरीसाठी राखीव निधी काढता येईल. दुसरी, पावसाच्या चार महिन्यांत हप्ता आकारू नये. शेतकऱ्याच्या पीककर्जाचा हप्ता सुगीशी बांधता येतो, तर रिक्षावाल्याचा हंगामाशी का बांधता येऊ नये? तिसरी, माथेरानमध्ये येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाकडून नगरपरिषद प्रवासी कर घेते. त्याचा ठरावीक हिस्सा अपघात, आजार आणि बेकारीच्या महिन्यांसाठी बाजूला काढावा. रिक्षा ओढणारे, घोडेवाले, हमाल आणि खालच्या वाड्यांतून रोज डोंगर चढून हॉटेलांत राबणाऱ्या आदिवासी स्त्रिया, या सर्वांचा त्यावर हक्क असावा. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा करून मालाच्या हाताळणीवर लेव्ही बसविली, हमालाला भविष्यनिर्वाह निधी आणि रजा मिळवून दिली. ज्या राज्याने पोत्याचे ओझे वाहणाऱ्याला संरक्षण दिले, त्याने माणसाचे ओझे वाहणाऱ्याला ते नाकारावे, याला तर्क नाही.

सर्वोच्च न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. मुदतीचा दिवस हा बंदीचा दिवस असू शकतो. पुनर्वसनाचा हिशेब त्या दिवसापासून सुरू होतो आणि तो कित्येक हंगाम तपासत राहावा लागतो. हे काम एकट्या माथेरानमधील मूठभर श्रमिकांवर सोडून चालणार नाही. जुळे सोलापुरातून, पुण्यातून, मुंबईतून जे हजारो लोक हंगामात तेथे जातात, त्यांत चळवळीविषयी आस्था बाळगणारे पुष्कळ असतात. दस्तुरी नाक्यावर विजेच्या रिक्षेत पाय ठेवताना त्यांनी भाव विचारावा, तसेच ही रिक्षा कोणाच्या मालकीची आहे, हेही चालकाला विचारावे. उत्तर ठेकेदाराचे नाव असेल, तर घरी परतल्यावर छायाचित्रे दाखवण्यापूर्वी रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र लिहावे.