सवलत मिळाली, पण एसटी वस्तीपर्यंत कोण आणणार?

२६ ऑगस्ट २०२२ पासून राज्य शासनाने पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत केला. त्याखालच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आधीपासून होतेच. या निर्णयाचे स्वागत केले पाहिजे. पण ज्या गावाच्या फाट्यावर दिवसातून एकदाच गाडी थांबते, तिथल्या म्हाताऱ्या माणसाने हे मोफत तिकीट घेऊन करायचे काय?

गेल्या हिवाळ्यात एक आजी माझ्याकडे आल्या. त्यांचे निराधार योजनेचे अनुदान बंद झाले होते, कारण हयातीचा दाखला वेळेत पोहोचला नाही. आजी तालुक्याला जायला तयार होत्या. पण वस्तीपासून फाटा तीन किलोमीटर आणि गुडघे चालेनात. अखेर त्या विटांच्या टेम्पोत बसून आल्या. मालवाहू गाडीतून असे नेलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला आहे. म्हणजे वाटेत अपघात झाला असता तर भरपाईसाठीही वणवण ठरलेली!

कायदे नाहीत असे नाही. संविधानाचे कलम ४१ वार्धक्यात साहाय्य देण्याचे कर्तव्य राज्याला सांगते. १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा पुरेशी आणि सुसूत्र सेवा पुरवणे हे महामंडळाचे कर्तव्य मानतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दवाखान्यात ज्येष्ठांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद आहे. त्या रांगेपर्यंत पोहोचायचे कसे, हे मात्र तो कायदा सांगत नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम गावालाच हाती घ्यावे लागेल.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. महारवाड्यातल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकायला टांगेवाला नव्हता. म्हणून सवय नसलेला आपलाच एक माणूस पुढे बसला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. प्रवाशाच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे लोक विसरले, अशी नोंद त्यांनी स्वतः करून ठेवली आहे. लोकांचे प्रेम अपार होते, तरी पूर्वतयारीची जागा प्रेमाला घेता आली नाही. आज कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसवून आजोबांना दवाखान्यात नेतो, तेव्हा आपण तीच चूक पुन्हा करतो.

म्हणून आधी नियोजन हवे. एका रविवारी विहारात बसावे. साठीच्या पुढचे किती, त्यांना कोणत्या वारी कुठे जावे लागते, फाटा किती लांब, गाडीची पायरी चढता येते का, हे सारे वहीत उतरवावे. माहिती मुलाने-सुनेने सांगितलेली नको. म्हाताऱ्या माणसाला स्वतःला विचारावे. बँक, तहसील, आरोग्य केंद्र आणि बाजार यांच्या वेळा एकत्र मांडल्या की दहा जणांचे काम एका फेरीत होते, हे वही पाहूनच कळते.

मग ग्रामसभेत ठराव घ्यावा. तो जोडून आगार व्यवस्थापकाकडे वेळ बदलण्याची आणि वस्तीजवळ थांबा देण्याची लेखी मागणी करावी, पोच घ्यावी. जिथे बस येऊच शकत नाही, तिथे परवाना आणि विमा असलेली रिक्षा वा जीप ठरलेल्या वारी लावावी व तिच्या खर्चाची तरतूद ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात करण्याचा आग्रह धरावा. कलम २४३ छ आर्थिक विकासाबरोबर सामाजिक न्यायाच्या योजनांचीही भाषा करते, हे सरपंचांच्या लक्षात आणून द्यावे. आणि वहीत फक्त आपलीच वस्ती नको. धनगरवाड्यातील, आदिवासी पाड्यावरील म्हातारेही याच फाट्यावर उन्हात उभे असतात.

जयंतीच्या वर्गणीसाठी आपले कार्यकर्ते एकही घर सोडत नाहीत. तीच वही, तेच कार्यकर्ते आणि तीच घरे आहेत. यंदा वर्गणी मागताना उंबऱ्यावर बसलेल्या आजीला एवढेच विचारा, “आजी, तुम्हाला कुठे जायचे आहे?”

जयभीम!