फलाटावर अत्यावश्यक, कचेरीत अपात्र

१५ जून २०२० रोजी मुंबईच्या लोकल पुन्हा धावू लागल्या, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. कसारा स्टेशनच्या तोंडाशी पोलीस उभे असायचे. ओळखपत्र दाखवायचं, मगच आत. पालिका रुग्णालयातली आया आत जायची, वॉर्डबॉय जायचा, पोलीस शिपाई जायचा. शेवळांच्या जुड्या घेऊन कल्याणला निघालेली ठाकरीण तिथूनच मागे फिरायची. तिची भाजी सरकारच्या लेखी अत्यावश्यक नव्हती. पुढे क्यूआर कोडचे पास निघाले आणि पारख आणखी कडक झाली.

म्हणजे अत्यावश्यक कोण, हे सरकारनं कार्ड आणि चेहरा ताडून, रोज, फलाटागणिक ठरवलं होतं. त्यातलं कुणी कोविडनं दगावलं, घरच्यांनी सरकारनं जाहीर केलेल्या पन्नास लाखांसाठी अर्ज केला, की तेच सरकार टेबलापलीकडून विचारायचं: हा माणूस तेव्हा खरंच कामावर होता, याला पुरावा काय?

हे काढलं की लगेच ऐकू येतं, ‘अहो, रोग सगळ्यांनाच झाला. कामावरच झाला कशावरून? बाजारात झाला असेल, लग्नात झाला असेल.’ माझा एक मित्र महसुलातून निवृत्त झाला आहे. तो हे फार सभ्यपणे मांडतो. सरकारी पैसा हा लोकांचा पैसा, तो वाटायचा तर कारण आणि परिणाम यांचा धागा दिसायला हवा, असं त्याचं म्हणणं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विषाणूच्या अंगावर कुणी पत्ता लिहीत नाही.

पण हा पेच २०२०मध्ये नव्यानं पडलेला नव्हता. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानं तो केव्हाच सोडवून ठेवला होता. त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती, आणि तिच्या पहिल्या भागात पुढे आरोग्यसेवेत किंवा प्रयोगशाळेत लागण होऊन जडणारे संसर्गजन्य रोगही आले. कायदा म्हणायचा, अशा कामावरच्या माणसाला असा रोग झाला तर तो कामातूनच झाला असं धरायचं. तसं नसेल तर ते मालकानं सिद्ध करायचं. धोका कुणी कुणाच्या अंगावर घातला ते पाहून कायद्यानं पुराव्याचं ओझं मालकाच्या खांद्यावर दिलं. ब्रिटिश अमदानीतल्या कायद्याला सुचलं ते लोकशाहीतल्या जीआरला सुचू नये? कॅलिफोर्निया राज्यानं सप्टेंबर २०२०मध्ये नेमका हाच कायदा कोविडसाठी केला. अग्निशामक, पोलीस, रुग्णालयातला कर्मचारी बाधित झाला की तो कामावरच बाधित झाला असं तिथे धरायचं ठरलं.

बरं, असं गृहीत धरणं आपल्या सरकारला जमतच नाही असंही नाही. कोविडनं गेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला पन्नास हजार रुपये देण्याच्या योजनेवर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१मध्ये शिक्कामोर्तब केलं. तिथला नियम साधा आहे. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला तर तो कोविडचा मृत्यू, मग तो रुग्णालयात झालेला असो की घरी. मूळ दुखणं कोणतं याची खोदाखोद नाही. पन्नास हजारांना जे गृहीतक चालतं ते पन्नास लाखांना चालत नाही, यात वैद्यकशास्त्राचा काहीच संबंध नाही. रकमेचा आहे, आणि मित्रानं तसं उघड म्हणावं.

आता या पन्नास लाखांचं थोडं. केंद्राची विमा योजना ३० मार्च २०२०पासून लागू झाली. ती आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी होती आणि आशाताईही तिच्यात होत्या. राज्याच्या वित्त विभागानं २९ मे २०२० रोजी आपला जीआर काढला. त्यात पोलीस, होमगार्ड, अंगणवाडी कर्मचारी, पाणीपुरवठा आणि स्वच्छतेची माणसं आली. कंत्राटी, रोजंदारीवरची, मानसेवी असे सगळे घेतले. ही यादी मोठ्या मनानं केली होती हे मी नाकारत नाही. मन आखडलं ते अटींत. रुग्णालयात दाखल होण्याच्या, किंवा थेट मृत्यू झाला तर मृत्यूच्या, आधीच्या चौदा दिवसांत कर्मचारी कर्तव्यावर हजर असला पाहिजे.

कागदावर हे चौदा दिवस शास्त्रीय दिसतात. एप्रिल २०२१मध्ये आमच्या शहापूर तालुक्यात राहून बघायचं होतं. ताप आला की माणूस आधी घरीच झोपायचा. पाड्यावरून निघालेला रुग्ण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून शहापूरला, तिथून भिवंडी नाहीतर ठाणे, तिथेही खाट नाही म्हणून उलटा घाट चढून नाशिककडे. खाट मिळेपर्यंत किती दिवस गेले हे त्याच्या हातात नव्हतं. जो प्रामाणिकपणे घरी विलगीकरणात राहिला, आपला संसर्ग कचेरीत नेला नाही, त्याचेच चौदा दिवस भरले. ताप अंगावर काढत जो कामावर जात राहिला तो मात्र अटीत बसला. सरकारी नियमानं बेजबाबदारपणाला बक्षीस लावल्याचं दुसरं इतकं स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि कर्तव्यावर होता हे सांगणारा कागद कुठला? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होतो. २०२०च्या मे महिन्यात आम्हा शिक्षकांना घाटाच्या पायथ्याशी नोंदणीला बसवलं. मुंबईहून चालत निघालेली माणसं डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं घेऊन महामार्गानं घाट चढत होती. नाव, गाव, जिल्हा, ताप आहे का, असं वहीत उतरवायचं. वही एकच, पेन एकच, ते चाळीस हातांतून फिरायचं. या ड्युटीचा आदेश मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला: आडनाव, वेळ, ठिकाण, खाली ‘कृपया सर्वांनी उपस्थित राहावे’. जावक क्रमांक नाही, सही नाही. मी जगलो म्हणून तो आदेश कुणी मागितला नाही. आमच्यातल्या एका गुरुजींच्या घरच्यांकडे मागितला. तो त्यांच्या मोबाइलमध्ये होता, आणि मोबाइलचा पासवर्ड गुरुजींबरोबर गेला. प्रस्ताव त्रुटीत निघाला. कोणत्या कचेरीतून ते लिहीत नाही. तिथल्या भाऊसाहेबांनाही वरून आलेली चेकलिस्टच भरायची होती.

आदेशाच्या कागदाचं हे दुखणं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेही आपल्याच ठाणे जिल्ह्यातून. नवी मुंबईतल्या एका खासगी आयुर्वेदिक डॉक्टरांना पालिकेनं ३१ मार्च २०२०च्या नोटिशीनं बजावलं, दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल करू. त्यांनी उघडा ठेवला आणि जूनमध्ये ते कोविडनं गेले. पत्नीनं विम्याचा दावा केला तेव्हा उत्तर आलं, सरकारनं त्यांची सेवा रीतसर अधिग्रहित केली नव्हती. मार्च २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही त्या बाईंना परत पाठवलं. दवाखाना बंद ठेवला असता तर सरकारची सक्ती खरी ठरून गुन्हा लागला असता, उघडा ठेवला म्हणून सक्ती खोटी ठरली! अखेर डिसेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की साथरोग कायदा, राज्याची नियमावली आणि पालिकेची नोटीस एकत्र वाचली की डॉक्टरांच्या सेवा मागून घेतल्या होत्या हे स्पष्ट दिसतं. वेगळं आदेशपत्र शोधत बसायचं कारण नाही. हे समजायला साडेपाच वर्षं लागली.

(जाता जाता. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. नेमणूक नाही, हजेरीपट नाही. आजच्या चेकलिस्टवर त्यांचा प्रस्तावही त्रुटीत निघाला असता. त्यांच्या नावानं पुरस्कार मात्र आपण दरसाल देतो.)

दुसरं बोलणं जरा चढ्या आवाजात येतं: ‘पगार घेत होते ना? काम केलं म्हणजे उपकार केले का?’ पगार कामाचा असतो. आया फरशी पुसायचा, चादरी बदलायचा पगार घेते. फुप्फुसं द्यायचा नाही. आणि पगाराचं बोलायचं तर आशाताईंचं बोला. सरकारच्या भाषेत त्या कर्मचारी नाहीतच, स्वयंसेविका आहेत, म्हणून त्यांना पगार नाही, मानधन. घरोघर ऑक्सिमीटर लावत फिरण्याबद्दल केंद्राकडून महिन्याला हजार रुपये जादा मिळत होते. १५ जून २०२१ला राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठे दीड हजारांची वाढ पदरात पडली. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, फोटो छापून आले. आमच्याकडची आशाताई पावसात ओढा ओलांडून पाड्यावर जाताना चप्पल हातात घेते. तिनं त्या वर्षी थर्मल गन पदरात गुंडाळून नेली होती, भिजू नये म्हणून. ‘गन बिघडली तर भरून द्यावी लागेल म्हणाले,’ असं मला सांगितलं. गनच्या भरपाईचा नियम तिला आधी कळला होता.

आणि रेल्वे. कसारा म्हटलं की घाट, आणि घाट म्हटलं की बँकर. सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय मालगाडी इगतपुरी गाठत नाही. टाळेबंदीत पॅसेंजर थांबल्या, मालगाड्या थांबल्या नाहीत. लोको पायलट, पॉइंट्समन, बोगद्याशी पावसाळी गस्त घालणारे ट्रॅकमन, सगळे कामावर होते. मे २०२१मध्ये रेल्वे मंडळाच्या अध्यक्षांनीच सांगितलं की तोवर १,९५२ रेल्वे कर्मचारी कोविडनं गेले होते. युनियननं ओरड केली, आम्हाला फ्रंटलाइन म्हणा, पन्नास लाखांत घ्या. उत्तर मिळालं ते अनुकंपेच्या नोकरीचं, जी तशीही नियमात होतीच. पाणीपुरवठा राज्याच्या यादीत होता, तरी तानसा आणि भातसा धरणांच्या कामगारांचं नाव कुणी घेतलं नाही. मुंबईनं दिवसातून वीस वेळा हात धुतले ते आमच्या तालुक्यातून गेलेल्या पाण्यानं.

आतापर्यंत बोललो ते मेलेल्यांबद्दल. जे वाचले पण मोडले, त्यांना तर या योजनांमध्ये खातंच नाही. केंद्र आणि राज्य, दोन्हीकडे भरपाई फक्त मृत्यूची. २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीनं कुणाचा डोळा काढला, कुणाचा जबडा. आसनगावच्या कारखान्यात प्रेसखाली कामगाराची तर्जनी गेली तर १९२३च्या कायद्याच्या कोष्टकात तिची किंमत मांडलेली होती: कमाईच्या क्षमतेत १४ टक्के घट. एक डोळा गेला तर ४० टक्के. तोच डोळा कोविड वॉर्डात राबलेल्या कंत्राटी सफाई कामगाराचा बुरशीनं गेला, तर पन्नास लाखांच्या यादीत तो शून्य. साथरोग कायद्यात एप्रिल २०२०मध्ये दुरुस्ती झाली, आरोग्य कर्मचाऱ्याला मारहाण करणाऱ्याला गंभीर इजेसाठी सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय भरपाईची वसुली. चांगलंच झालं. पण त्या कायद्याला नर्सच्या डोक्यात पडलेला दगड दिसला, फुप्फुसात गेलेला विषाणू दिसला नाही. दगड मारणारा परका होता, वॉर्डात पाठवणारं सरकार होतं, एवढाच फरक.

‘तिजोरीत पैसा कुठाय?’ हे मित्राचं शेवटचं अस्त्र. पन्नास लाखांचा आकडा मी किंवा युनियननं काढला नव्हता. सरकारनं तो टाळ्या-थाळ्यांच्या दिवसांत स्वतः जाहीर केला, कारण तेव्हा माणसं कामावर यायला हवी होती. पैसा नव्हता तर आकडा लहान सांगायचा होता आणि अटी त्याच दिवशी मोठ्यानं वाचून दाखवायच्या होत्या. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपण चेष्टेनं वापरतो. इथे वैद्य खरोखरच मेला.

माझं भांडण मुळात एका शब्दाशी आहे. राज्याच्या जीआरमध्ये या पैशाला ‘सानुग्रह साहाय्य’ म्हटलं आहे. अनुग्रह देव करतो, नाहीतर राजा. त्याला मुदत नसते, अपील नसतं, उशीर झाला तर व्याज नसतं. नुकसानभरपाई हे देणं असतं. १९२३च्या कायद्यात भरपाई महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज चढायचं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. तेच तत्त्व इथे आणा. सरकारनं ज्याला आदेशानं, पासनं, नोटिशीनं किंवा नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपानं बाहेर काढलं, त्याचा रोग कामातलाच धरावा. नव्हता, हे खात्यानं सिद्ध करावं. खात्याकडे हजेरीपट असतो, पगारबिलं असतात, लोकलच्या पासांची नोंद असते. विधवेकडे काय असतं? नाकारलेले प्रस्ताव खात्यानं स्वतः उघडावेत, पुन्हा अर्ज मागवू नयेत. डोळा, जबडा, फुप्फुस यांना बोटासारखंच कोष्टक लावावं. आशा आणि अंगणवाडीच्या बायकांना निदान या एका कामापुरतं तरी कर्मचारी म्हणावं. हे जीआरनं नव्हे, विधिमंडळात कायद्यानं व्हावं, म्हणजे पुढच्या साथीत कुणी चेकलिस्टमध्ये नवी अट घुसवणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं खासगी डॉक्टरांपुरतं दार उघडलं, पण उंबऱ्यावर एक अट ठेवलीच: मृत्यू कोविडच्या कामातच झाला हे प्रत्येक दाव्यात वारसानं पुराव्यानिशी दाखवायचं. महामार्गालगतच्या छोट्या दवाखान्यात २०२०चं ओपीडी रजिस्टर आज कुठल्या अवस्थेत असेल? कसाऱ्याचा पाऊस चार महिने भिंतीतून झिरपतो. परवा आशाताईकडे गेलो होतो. तिनं तांदळाच्या डब्यामागून एक दुधाची पिशवी काढली, तोंड रबरानं बांधलेलं. आत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या वेळच्या घरभेटींच्या याद्या, घडी घातलेल्या. ती धडधाकट आहे, तिला कसलाही दावा करायचा नाही. मग या कशाला ठेवल्या, विचारलं, तर म्हणाली, ‘मागतील, गुरुजी. कधी ना कधी मागतील.’ पिशवीतले खालचे दोन कागद एकमेकांना चिकटले होते. तिनं ते सोडवून बघितले, तर शाई दोन्हींवर उतरली होती.