अंधाराला अर्थ चिकटवू नका

नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांची पुस्तके मिटली की वाचकाला एक घाई होते. एवढ्या अंधारातून काहीतरी हाती लागलेच पाहिजे, असे त्याला वाटू लागते. श्रद्धाळू म्हणतो, बघा, मरणाच्या दारातही माणसांनी प्रार्थना सोडली नाही. नास्तिक म्हणतो, बघा, ऑशविट्झच्या धुरात देवही जळून गेला. आणि व्यासपीठावरचा प्रेरणादायी वक्ता म्हणतो, बघा, मनाचे बळ असेल तर माणूस कशातूनही तरतो. तिघांचे निष्कर्ष वेगळे असले तरी चूक एकच आहे. साठ लाख ज्यूंची हत्या ते आपापल्या मताचा पुरावा म्हणून वापरतात. ज्यांनी ही पुस्तके लिहिली, त्यांनी तशी परवानगी कोणालाच दिलेली नाही.

एली वीझेल यांचे ‘नाइट’ घ्या. ट्रान्सिल्व्हेनियातल्या सिगेट गावचा हा मुलगा तल्मूद हा ज्यू धर्मग्रंथ शिकत होता, कब्बाला या ज्यू गूढविद्येचे मर्म उकलावे म्हणून गुरू शोधत होता. मे १९४४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याला कुटुंबासह गुरांच्या डब्यातून ऑशविट्झला नेण्यात आले. फलाटावरच आई आणि धाकटी बहीण त्सिपोरा कायमच्या दुरावल्या. त्याच रात्री त्याने पेटलेले खड्डे पाहिले, त्यांत टाकली जाणारी मुले पाहिली. भोवतालचे लोक कद्दिश म्हणू लागले. ही मागे उरलेल्यांनी मृतांसाठी म्हणायची प्रार्थना. इथे जिवंत माणसे ती स्वतःसाठीच म्हणत होती. कद्दिशमध्ये मृत्यूचा उल्लेखही नसतो, असते ती ईश्वराची स्तुती. स्तुती कशासाठी करायची, या प्रश्नाने त्या मुलाच्या आत पहिल्यांदा बंड उठले. पुढे ज्यू नववर्षाच्या दिवशी हजारो कैदी एकत्र प्रार्थनेला उभे राहिले, तेव्हा तो मनातल्या मनात फिर्यादी होऊन उभा होता. प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशी त्याने मुद्दाम आपल्या वाट्याचे सूप प्यायले.

इथवर वाचून नास्तिकाला पुस्तक आपले वाटते. पण पुस्तक इथे थांबत नाही. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा जवळ आल्या आणि कैद्यांना बर्फातून पळवत पश्चिमेकडे नेण्यात आले. एक वृद्ध रब्बी आपला मुलगा शोधत फिरत होते. तीन वर्षे दोघांनी एकमेकांना सोडले नव्हते. वडील मागे पडत आहेत हे त्या मुलाने पाहिले होते आणि तरी तो पुढे निघून गेला होता. हे वीझेल यांच्या लक्षात आले, आणि ज्याच्यावर आता विश्वास उरला नव्हता त्याच देवाकडे त्यांनी मागणे मागितले, की या मुलाने केले ते माझ्या हातून घडू देऊ नकोस. काही दिवसांतच बुखेनवाल्डच्या छावणीत त्यांचे वडील गेले. त्या क्षणी सुटल्यासारखे वाटले, हेही त्यांनी लपवलेले नाही. ही श्रद्धा म्हणायची की अश्रद्धा? त्या पानांवर दोन्ही एकाच श्वासात आहेत.

याच पुस्तकात अकिबा ड्रूमर नावाचा एक भाविक आहे. पवित्र ग्रंथातले आकडे मांडून तो सुटकेचा दिवस काढायचा, सोबत्यांना धीर द्यायचा. शेवटी तोच कोसळला. ठार मारायच्या यादीत निवड झाल्यावर त्याने सोबत्यांकडे एकच गोष्ट मागितली, तीन दिवसांनी माझ्यासाठी कद्दिश म्हणा. सगळ्यांनी वचन दिले. पुढचे दिवस मारहाणीचे आणि ढोरमेहनतीचे गेले आणि सगळे ते विसरले. माणूस संपवण्याची ती यंत्रणा किती खोलवर पोचली होती, हे या एका विसरण्यातून जेवढे कळते तेवढे धर्मावरच्या ग्रंथांतून कळणार नाही. देव विसरला, असा आरोप करणे त्या मानाने सोपे होते. आम्ही विसरलो, असे लिहायला वेगळे धैर्य लागते.

दुसऱ्या टोकाला प्रिमो लेव्ही आहेत. ट्युरिनचे रसायनशास्त्रज्ञ, छावणीत शिरताना अश्रद्ध आणि बाहेर पडतानाही अश्रद्ध. १९४७ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकात ऑक्टोबर १९४४ मधल्या एका निवडीनंतरची रात्र आहे. कून नावाचा म्हातारा वरच्या फळीवर डोलत देवाचे आभार मानतो आहे, कारण त्याची निवड झालेली नाही. शेजारच्या फळीवर वीस वर्षांचा ग्रीक तरुण बेप्पो दिव्याकडे एकटक पाहत पडला आहे. परवा त्याला गॅसकोठडीत जायचे आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. लेव्हींचा संयत सूर सुटतो असे त्या पुस्तकात फार थोड्या वेळा घडते, त्यांतली ही एक वेळ. शेजारच्याच्या मरणावर उभे राहून आपल्या जगण्याबद्दल आभार मानणारी ती प्रार्थना त्यांना किळसवाणी वाटली.

म्हणून लेव्ही नास्तिकांचे साक्षीदार ठरतात का? तेही नाही. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९८६ मध्ये आलेल्या पुस्तकात त्यांनी सांगितले आहे की त्याच ऑक्टोबरमध्ये, हातात नंबराचे कार्ड घेऊन, नागव्याने निवडसमितीसमोर जाण्याची वाट पाहताना, क्षणभर त्यांनाही प्रार्थना करावीशी वाटली होती. त्यांनी ती केली नाही. हरायची वेळ आली म्हणून खेळाचे नियम बदलणे त्यांना अप्रामाणिक वाटले, आणि ज्या देवाला मानले नाही त्याला भीतीपोटी हाक मारणे हा त्या देवाचाही अपमान वाटला. न केलेल्या प्रार्थनेत देवाचा इतका मान राखलेला क्वचितच आढळेल. युद्धानंतर एक धार्मिक वृत्तीचे मित्र भेटायला आले आणि म्हणाले, तू वाचलास हा योगायोग नव्हे, लिहिण्यासाठी तुला राखून ठेवले होते. लेव्हींना हे मत भयंकर वाटले. मला राखले, तर मग माझ्याहून भले असलेले इतके जण का नाही राखले? छावणीत सज्जन आधी मेले, हे त्यांनी पाहिले होते. छावण्यांतूनच वाचलेले व्हिक्टर फ्रँकल यांनीही आपल्या पुस्तकात हेच नोंदवले आहे. त्यांचे पुस्तक मराठीतही आले आहे आणि आपल्याकडे ते मनोबल वाढवण्यासाठी हाती दिले जाते. पण ते देणाऱ्याने फ्रँकल यांची ही नोंदही वाचून दाखवावी. आई, वडील, भाऊ, पत्नी गमावलेल्या माणसाने लिहिलेले ते पुस्तक आहे. ज्यांना जगण्याचा अर्थ सापडला ते वाचले, असा त्याचा सारांश काढला, तर जे मेले त्यांना तो सापडला नव्हता असे आपण न बोलता म्हणून जातो. एवढा अन्याय नकळतही करू नये.

व्हिएन्नात जन्मलेले लेखक जाँ अमेरी यांनी याहून अवघड कबुली दिली. बेल्जियममधल्या ब्रेनडोंकच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला, मग ऑशविट्झ. छावणीत श्रद्धाळू माणसे, मग ती धर्म मानणारी असोत की मार्क्सवादी, आपल्यासारख्या संशयी बुद्धिवंतांपेक्षा अधिक ताठ उभी राहिली, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांना तो आधार दिसत होता, मोलाचाही वाटत होता. तरी, मला त्यांच्यात जायचे नव्हते, असेही त्यांनी लिहिले. श्रद्धा उपयोगी पडते म्हणून ती खरी ठरत नाही, आणि माझ्याजवळ ती नाही म्हणून ज्यांच्याजवळ आहे ते मूर्ख ठरत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकत्र मान्य करणे आपल्या सुखवस्तू वादांत कोणाला जमत नाही. अमेरींना ते जमले.

श्रद्धेच्या बाजूनेही इतकाच प्रामाणिकपणा दिसतो. रब्बी कलोनिमस काल्मन शापिरा वॉर्सा घेट्टोत १९३९ ते १९४२ या काळात प्रवचने करत होते. सप्टेंबर १९३९ च्या बाँबहल्ल्यात त्यांचा एकुलता मुलगा गेला होता. ते स्वतः वाचले नाहीत. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांची हत्या झाली. वाचली ती जमिनीत पुरून ठेवलेली कागदपत्रे. त्यातल्या एका प्रवचनात, १९४१ च्या अखेरीस, त्यांनी म्हटले होते की अशी संकटे ज्यू समाजावर पूर्वीही आली आहेत, मग आताच श्रद्धा का डळमळावी? १९४२ च्या उन्हाळ्यात वॉर्सातून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटल्या, घेट्टो बहुतांशी रिकामे झाले. तेव्हा त्यांनी ते प्रवचन पुन्हा काढले आणि त्याखाली टीप लिहिली, की हे म्हणणे तोवरच्या दुःखाला लागू होते, आता जे घडले त्याला इतिहासात जोड नाही. श्रद्धा त्यांनी सोडली नाही. पण आपले स्पष्टीकरण मागे घेतले. ज्यांचा आयुष्यभराचा व्यवसायच दुःखाचा अर्थ सांगण्याचा होता, त्यांनी मरणाच्या छायेत आधी तोच अर्थ खोडला. आज आरामात बसून तो अर्थ सांगू पाहणाऱ्यांनी ही टीप समोर ठेवावी.

वीझेल यांनी तर या सगळ्याचे नाटकच लिहिले. छावणीत काही विद्वान रब्बींनी देवावर खटला चालवलेला आपण पाहिला, असे ते सांगत. देव दोषी ठरला आणि मग सगळे नेमाच्या प्रार्थनेला उभे राहिले. १९७९ च्या ‘द ट्रायल ऑफ गॉड’ या नाटकात त्यांनी हा खटला १६४९ साली, ज्यूंच्या हत्याकांडाने उद्ध्वस्त झालेल्या एका गावात नेला. देवाची बाजू मांडायला तिथे कोणी तयार होत नाही. अखेर एक देखणा, बुद्धिमान अनोळखी पुढे येतो आणि हत्याकांडाचे अत्यंत नीटस समर्थन करतो. नाटकाच्या शेवटी कळते की तो सैतान आहे. देवाच्या वतीने दुःखाचे सफाईदार कारण सांगणारा कोण असतो, याचे इतके कठोर उत्तर एका श्रद्धावंत घराण्यात वाढलेल्या लेखकानेच द्यावे, याला महत्त्व आहे.

अमेरिकन रब्बी अर्व्हिंग ग्रीनबर्ग यांनी १९७० च्या दशकात यासाठी एक कसोटी सांगितली. जळणाऱ्या मुलांच्या समोर उभे राहून जे विधान करता येणार नाही, ते करूच नये. विधान धर्माचे असो वा अन्य कशाचे. ही कसोटी लावली की ‘ईश्वरी योजना’ टिकत नाही, ‘पूर्वसुकृत’ टिकत नाही, आणि ‘जे होते ते भल्यासाठी’ हे तर उच्चारणेही अशक्य होते. पण देव नाही हे आता सिद्ध झाले, असे विजयी सुरात सांगणेही टिकत नाही. कोणाच्या तरी लेकरांच्या मरणावर कोणी विजयी होऊ नये.

मराठी वाचकाला देवाशी भांडण नवे नाही. नामदेव, जनाबाई, तुकोबा यांनी विठ्ठलाला धारेवर धरले आहे. म्हणून वीझेल यांचा आक्रोश आपल्याला लगेच ओळखीचा वाटतो. पण ही ओळख जपून वापरावी. आपल्या संतांचे भांडण भक्तीच्या अंगणातले आहे, त्यात भेटीची आस जिवंत आहे. वीझेल यांचे भांडण आई आणि बहीण जिथे नाहीशा झाल्या त्या फलाटावर सुरू झाले. दोन्हींना एका ओळीत बसवले की दुसऱ्याचे दुःख आपल्या सवयीच्या चालीत बसते आणि बोचेनासे होते.

मग या पुस्तकांतून घ्यायचे काय? १९५८ साली वीझेल यांच्या फ्रेंच पुस्तकाला फ्रान्स्वा मॉरियाक या निष्ठावंत कॅथलिक लेखकाने प्रस्तावना लिहिली. या तरुणाला क्रुसाबद्दल, दुःखातून मिळणाऱ्या मुक्तीबद्दल काही सांगावे असे त्यांच्या मनात आले होते. प्रत्यक्षात त्यांनी त्याला फक्त मिठी मारली आणि ते रडले. एका श्रद्धावंताने दुसऱ्याच्या जखमेवर आपला धर्म न लादणे, हे वाचकाने घेण्यासारखे आहे.

आणि ज्याला उत्तर शोधायचेच असेल, त्याने ते जिथे सापडते तिथे शोधावे. एप्रिल १९४४ मध्ये रुडॉल्फ व्हर्बा आणि आल्फ्रेड वेट्झलर हे दोन कैदी ऑशविट्झमधून निसटले आणि तिथे काय चालले आहे याचा तपशीलवार अहवाल त्यांनी स्लोव्हाकियातल्या ज्यू पुढाऱ्यांपुढे ठेवला. तरी १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत हंगेरीतून ४ लाखांहून अधिक ज्यूंना रवाना करण्यात आले, बहुतेकांना ऑशविट्झलाच. ही रवानगी चालवणारा नाझी अधिकारी आइकमन याच्या हाताखाली जर्मन माणसे मोजकी होती. घरे रिकामी करून लोकांना डब्यांत कोंबले ते हंगेरीच्या शिपायांनी. सिगेट तेव्हा हंगेरीच्याच ताब्यात होते, आणि गाडी ऑशविट्झला थांबली तेव्हा त्या स्थानकाचे नावही सिगेटच्या लोकांनी ऐकलेले नव्हते. देव त्या वेळी कुठे होता, याचे उत्तर वीझेल आणि लेव्ही यांनाही देता आले नाही. माणसे कुठे होती, याचे उत्तर मात्र नोंदींत आहे, तारखांसह आहे, सह्यांसह आहे. १९५६ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये निघालेल्या मूळ यिद्दिश पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच वीझेल यांनी जगाच्या मौनावर बोट ठेवले होते.

हे साहित्य शिकवणाऱ्या शिक्षकांना, त्यावर बोलणाऱ्या प्रवचनकारांना आणि वक्त्यांना म्हणून एवढेच सांगणे आहे. वाचलेल्यांची श्रद्धा आणि त्यांची अश्रद्धा, दोन्ही त्यांनी रक्ताने कमावलेल्या आहेत. त्या उसन्या मागू नका. श्रोत्यांना त्यातून समाधान देण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. जबाबदारी आहे ती मौन कोणाचे होते, हे नावानिशी सांगण्याची, आणि आज कोणाचे आहे, हे विचारायला शिकवण्याची.