कौल आणि भाकीत : एका गल्लतीचा इतिहास

१/ टॅरोचे पत्ते मांडणाऱ्यासमोर दोन प्रकारचे प्रश्न येतात. ‘नोकरी केव्हा लागेल?’ हा एक आणि ‘ही नोकरी स्वीकारावी का?’ हा दुसरा. पहिल्याला भाकीत हवे असते, दुसऱ्याला कौल. मराठीने हा भेद क्रियापदांतच जपला आहे : भविष्य सांगतात, कौल लावतात. श्रद्धाळू आणि टीकाकार मात्र दोहोंना एकाच टोपलीत टाकतात. वर्ध्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात ही गल्लत महाग पडते.

२/ आधी पत्त्यांविषयी. टॅरो १५व्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो खेळ म्हणून. त्यात प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान दडले आहे, असा दावा कूर द जेब्लँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये केला आणि त्यानंतर टॅरोवर भविष्यकथनाचा डोलारा उभा राहिला. इकडे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पानांवर साक्षात विष्णूचे अवतार, तरी लोक त्यावर डावच खेळले. भविष्य पानात नसते. पानाला काय विचारले जाते, यावर सारे ठरते.

३/ कौलाचे स्वरूप कोकणातील देवळांत स्पष्ट दिसते. गाऱ्हाणे घातले जाते, मूर्तीला फुले, पाकळ्या वा तांदूळ लावले जातात आणि कोणत्या बाजूचे आधी पडते यावरून होकार वा नकार ठरतो. येथे उद्या काय घडेल हे कोणी विचारत नाही. विचारले जाते ते काय करावे. उत्तरातून मिळते ती माहिती नव्हे, तर संमती.

४/ मराठेशाहीतील ‘दिव्य’ हे याच कुळातले. वतनाच्या वादात कागदपत्रे आणि साक्षी अपुऱ्या पडल्या की दिव्याची वेळ येई. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढावा लागे, मग हात बांधून त्यावर मोहोर होई आणि ठरल्या मुदतीनंतर जखम तपासली जाई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात (१९५३) या पद्धतीचा अभ्यास केला आहे. पाटिलकी कोणाची, हा प्रश्न भूतकाळाचा होता. दैवी निर्णय मागणे म्हणजे भविष्य विचारणे नव्हे, याचा यापेक्षा ठळक पुरावा नाही.

५/ आता भाकीत. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो. भोवती अठरा धान्ये, मध्ये पाण्याचा करवा, पावसाच्या चार महिन्यांसाठी चार ढेकळे, वर पापड, कुरडई, भजी, राजासाठी विडा. दुसऱ्या पहाटे त्यांत झालेले बदल पाहून पाऊस, पिके आणि राजकारण यांविषयी भाकीत होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची सांगितली जाते आणि तिची बातमी दरवर्षी विदर्भभर पोहोचते.

६/ फरक येथे उघड होतो. देवळातला कौल खरा की खोटा, हे तपासता येत नाही. त्याने तंटा मिटला की नाही, एवढेच पाहता येते. ‘जुलैत पाऊस कमी’ हे विधान मात्र पर्जन्यमापकावर पडताळता येते. जे पडताळता येते ते पडताळले गेलेच पाहिजे. श्रद्धेच्या नावाने त्याला सूट मिळू नये.

७/ वर्ध्यात हा वाद चर्चेपुरता राहत नाही. २००६ मध्ये केंद्राने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता आणि वर्धाही. पावसावर विसंबलेल्या कपाशी-सोयाबीनच्या शेतात पेरणीचा आठवडा चुकला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा आणि बहुधा कर्जही पुन्हा.

८/ पाणाड्याचेही तसेच. हातातली बेचकी वा नारळ फिरला की ‘येथे खणा’ असा सल्ला मिळतो. रूप कौलाचे, पण दावा तथ्याचा : जमिनीखाली पाणी आहे. बोअर कोरडी गेली तर पैसे शेतकऱ्याचे जातात, पाणाड्याचे नाही.

९/ २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ज्योतिष्यांचा, नंदीबैलवाल्यांचा आणि पाणाड्यांचा सल्ला आपल्या कक्षेबाहेर ठेवला. नुसत्या सल्ल्यासाठी कोणाला तुरुंगात धाडू नये, हे मान्य. पण शिक्षा नाही म्हणजे तपासणीही नको, असे होत नाही.

१०/ म्हणून कौल निर्दोष ठरतो का? नाही. दिव्यात भाजत होता तो माणसाचाच हात, आणि कौलाचा अर्थ लावणाऱ्याच्या हाती गावाची सत्ता एकवटते. संमती मिळवण्यासाठी देवाला मध्ये आणावेच लागते, असेही नाही. पवनारच्या विनोबांच्या भूदानात जमीन थोडी आणि भूमिहीन अधिक असत, एकमतही होत नसे, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या जात. चिठ्ठीने दैवी ज्ञानाचा दावा केला नाही. पक्षपात तेवढा टाळला.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही शकुनाला तीन प्रश्न विचारावेत : प्रश्न कोणता होता? उत्तराचा अर्थ कोणी लावला? आणि चुकल्यास किंमत कोणी मोजली? भाकिताच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजवर बहुधा एकच आले आहे : ज्याने ऐकले, त्याने.